तराजूची मानकरीण

माझ्या हाताला चव नाही, ही बातमी मला शाळेत कळली. घरी ती कोणालाच ठाऊक नव्हती. आई सूतगिरणीत पहिल्या पाळीला जायची, त्यामुळे वयाच्या नवव्या वर्षापासून चूल माझ्या ताब्यात होती. आमचे आप्पा ताट पुसून जेवायचे. पुसून म्हणजे खरोखरच पुसून. शेवटी बोट फिरवून चाटायचे आणि ताट माझ्यापुढे धरून म्हणायचे, "घे. धुवायचं काम न्हाई ऱ्हायलं."

आम्ही निपाणीकडचे. आप्पांचं नाव ज्योतिबा. बंगळुरात विमानांच्या कारखान्यात ते रिव्हेट मारायचे, आणि शिवाजीनगरच्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. जातीनं आम्ही महार. तीन वर्षांपूर्वी बौद्ध झालो होतो. हे आत्ताच सांगून टाकते, कारण शाळेत हे कोणी कधीच तोंडानं उच्चारलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्या न उच्चारण्यामुळेच झाला.

शाळेचं नाव सांगत नाही. मुलींची मराठी शाळा होती एवढं पुरे. निम्म्या मुली पुण्या-मुंबईकडून सरकारी कारखान्यांत आलेल्या इंजिनियरांच्या, निम्म्या पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरांतल्या. साल एकोणीसशे साठ. मी शेवटच्या वर्षाला होते आणि मला शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं मला.

दर गुरुवारी दुपारी गृहशास्त्राचा तास असे. शिकवायला प्रमोदिनीबाई. दिसायला सुंदर आणि बोलायला त्याहून गोड. त्यांनी आयुष्यात कोणावर आवाज चढवला नसेल. दोन वर्षांपूर्वी पहिल्या तासाला हजेरी घेताना त्या माझ्या नावापाशी थबकल्या. "गंगव्वा? अगं, किती जुनाट वाटतं! आपण तुला गंगा म्हणू या हं." मलाही ते बरं वाटलं. मग त्यांनी माझ्या हातांकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "किती स्थिर हात आहे गं तुझा! आजपासून तू आपल्या तराजूची मानकरीण." मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा आप्पांनी चिरमुरे आणले.

तराजूचं टेबल व्हरांड्यात होतं. आत पाच शेगड्या आणि एकवीस मुली. मी बाहेर बसून रवा, डाळ, गूळ, पीठ तोलायची आणि कागदावर काढून ठेवायची. मुली उंबऱ्यापर्यंत येऊन घेऊन जायच्या. कोरडं सगळं माझ्याकडे; पाणी, दूध, मीठ आत. शिजवून झालं की आत पंगत बसे, कल्हईच्या ताटल्यांची. माझं पान व्हरांड्यातच यायचं, पत्रावळीवर. "मानकरणीनं जागा सोडायची नसते," बाई हसून म्हणायच्या, "आणि पत्रावळ बरी, तुला घासायला नको." प्रत्येक गोष्टीला असं गोजिरवाणं कारण असायचं की राग धरायचा कुठे तेच समजत नसे.

वर्षभरानंतर मी धीर करून विचारलं, "बाई, एकदा मी येऊ का शेगडीपाशी?"

बाईंनी डोळे मोठे केले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "अगं, पण तुला स्वयंपाक आवडत नाही ना? पहिल्याच दिवशी तूच म्हणाली होतीस, मला तराजूच बरा. हो की नाही गं, वीणा?"

वीणा माझ्या शेजारच्या बाकावरची. इंजिनियरांची मुलगी, बडबडी, मनानं चांगली. ती म्हणाली, "हो बाई." मग आणखी दोघी म्हणाल्या, "हो, तूच म्हणालीस."

मी असं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. पण एकवीस जणींना आठवत होतं, आणि मी एकटी होते. एकटीनं किती दिवस एकवीस जणींशी मनातल्या मनात भांडायचं? हळूहळू मला वाटायला लागलं की म्हणालेही असेन. मग आणखी पुढे गेले. मला स्वयंपाक आवडत नसेल, आणि घरची माणसं काय, माया म्हणून खात असतील. घरी आमटीत मीठ घातलं की मी ते घातलंच नाही असं वाटून पुन्हा घालू लागले. भाकऱ्या तव्यावर चिरायला लागल्या. आप्पांच्या ताटात आमटी राहू लागली आणि ते ताट धुताना मला रडू यायचं.

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेची यादी लागली. बावीसपैकी एकवीस नावं. माझ्या प्रगतिपुस्तकात प्रमोदिनीबाईंच्या वळणदार अक्षरात शेरा होता: 'स्वभावाने गुणी. पाकक्रियेत रुची नाही. हाताला चव नाही.' गृहशास्त्रात पास झाल्याशिवाय ट्रेनिंगला अर्ज करता येणार नाही, असं आमचे हेडमास्तरच सांगत असत. म्हणजे माझं शिक्षिका होणं त्या दोन ओळींत संपलं होतं.

आप्पा अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून हेडमास्तरांना भेटायला गेले. हेडमास्तर शेषगिरीराव जुने बंगळूरवाले, धोतर-कोटातले, फार सभ्य. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली. "हे पाहा ज्योतिबा, आमच्या शाळेत कोणी कोणाची जात विचारत नाही. सगळ्या मुली सारख्या. तुमची मुलगी तर मानकरीण आहे! तिनं स्वतःच तराजू मागून घेतला. तुम्ही लोक उगीच फार मनाला लावून घेता, बघा." आणि वर कॉफी मागवली. ती काचेच्या पेल्यात आली, हेडमास्तरांची चांदीच्या.

घरी येऊन आप्पा बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत बसले. मग म्हणाले, "गंगव्वा, तू म्हणली व्हतीस का तसं? तराजूच बरा म्हणून?"

मी म्हणाले, "ठाऊक न्हाई, आप्पा."

माझ्या आयुष्यात इतकं वाईट उत्तर मी दुसरं दिलं नाही. 

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तानूबाईंनी मला घंटेपाशी बोलावलं. तानूबाई गणिताच्या, आणि आमच्या वर्गशिक्षिका. बेळगावच्या. नोकरीला वर्ष झालेलं, अजून कायम व्हायच्या होत्या. अंगानं काटकुळ्या, चालायला वारा. त्या आमच्यातल्याच आहेत हे आडनावावरून मला पहिल्या दिवशी कळलं होतं, आणि माझं त्यांना. दोघींनीही ते कळलंच नाही असं दाखवलं होतं.

"गंगव्वा," त्या म्हणाल्या. शाळेत ते पुरं नाव ऐकून मी दचकलेच. "यादीत तुझं नाव का नाही?"

"मला स्वयंपाकात रुची नाही, बाई. हाताला चवही नाही."

"असं कोण म्हणतं?"

"मीच म्हणाले होते म्हणे."

"म्हणे?"

मग मी सगळं सांगितलं. व्हरांडा, पत्रावळ, मानकरीण. सांगताना मला लाज वाटत होती, कारण तोंडानं सांगायला गेलं की त्यात तक्रार करण्यासारखं काहीच सापडेना. तानूबाई ऐकत होत्या. 'मानकरीण' शब्द आला तशा त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या. मला वाटलं रागावल्या. त्या हसत होत्या! आधी नाकातल्या नाकात, मग तोंडावर पदर धरून, आणि शेवटी पायरीवर बसकण मारून.

"अगं, मी घंटेची मानकरीण आहे!" त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात हेडमास्तर म्हणाले, 'तानूबाई, तुमच्याइतकं घड्याळ कोणाला कळत नाही, मधल्या सुट्टीची घंटा तुम्हीच सांभाळा.' शिपाई आहे की शाळेला! पण मी आपली फुशारून गेले. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा होतो. सुरुवातीची घंटा, शेवटची घंटा, मधली पंधरा मिनिटं मी इथं हातोडा हातात घेऊन उभी. एकदा म्हटलं, मी पण चहा घेते. तर बाकीच्या शिक्षिका म्हणाल्या, 'तुम्हाला चहा चालत नाही ना? तुम्हीच म्हणाला होता, पित्त होतं.' मी घरी जाऊन सहा महिने चहा सोडला, गंगव्वा! मला वाटलं, असेल बाई पित्त!"

आता मलाही आवरेना. त्या घंटेखाली, म्हणजे आमच्या शाळेत टांगलेल्या रुळाच्या तुकड्याखाली बसून आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. दोन वर्षांत शाळेत मी तशी हसले नव्हते. डोळे पुसून तानूबाई म्हणाल्या, "हे बघ. तुला भास झाला असेल. मलाही झाला असेल. पण तुला आणि मला, वेगवेगळ्या खोल्यांत, बरोबर खाण्यापिण्याच्याच वेळेला कसा गं भास होईल? गणितात हे बसत नाही."

दोन वर्षं छातीवर ठेवलेलं पाच शेरी वजन कोणी उचलावं तसं मला झालं.

"आता इकडे बघ," म्हणून त्यांनी वर बोट दाखवलं. घंटेच्या मागच्या भिंतीवर नोटिसांचा फळा होता. सरकारी परिपत्रकं तिथं लागत आणि पिवळी पडेपर्यंत कोणी वाचत नसे. तानूबाईंनी मात्र वर्षभर रोज पंधरा मिनिटं तिथं उभं राहून सगळी वाचली होती, काही तर पाठ झाली होती. परीक्षेच्या परिपत्रकातलं चौथं कलम त्यांनी मला न बघता म्हणून दाखवलं. हजेरी पुरी असलेल्या मुलीला प्रात्यक्षिकापासून अडवता येणार नाही. अर्जावर वर्गशिक्षिकेची सही पुरे.

"पण बाई, तुमची नोकरी अजून कायम..."

"सही नियमानं केली तर काय म्हणतील? फार मनाला लावून घेते म्हणतील. ते तर आधीच म्हणतात." आणि गुडघ्यावर माझा अर्ज ठेवून त्यांनी तिथंच सही केली. दुसऱ्या दिवशी यादीत बाविसावं नाव चढलं.

सातव्या कलमानं मात्र शाळेत धमाल उडवली. प्रत्येक मुलीनं आपले जिन्नस स्वतः तोलायचे, आणि तेही नव्या दशमान वजनांनी. त्या वर्षी बाजारात शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम येत होते, आणि वाण्यापासून विहिणीपर्यंत सगळे गोंधळलेले होते. सरकारची नवी वजनांची पेटी शाळेत सहा महिन्यांपूर्वीच आली होती. ती कोणाला हवी होती? माझ्या व्हरांड्यातल्या टेबलावर येऊन पडली. मी तिच्याशी खेळत असे. छटाक म्हणजे साधारण अठ्ठावन्न ग्रॅम, पावशेर म्हणजे दोनशे तेहतीस, असा तक्ता मी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवला होता. आतल्या एकवीस जणींनी दोन वर्षांत तराजूला बोटही लावलेलं नव्हतं. लावणार कशा? मानकरीण मी होते ना!

तानूबाईंनी ते परिपत्रक वाचून दाखवल्यावर प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? ग्रॅम म्हणजे आपला तोळा धरा." त्या हिशेबानं त्या गुरुवारी वीणानं पाच तोळ्यांऐवजी पाच ग्रॅम तुरीची डाळ घेतली आणि सहा जणींचं वरण केलं. पातेल्यात नुसतं हळदीचं पाणी झालं. डाळीचे दाणे वीणानं मोजून दाखवले असते. माझ्या पत्रावळीवर त्यातले तीन आले.

पंगत उठल्यावर वीणा उंबरा ओलांडून माझ्या टेबलापाशी आली. मागून आणखी चौघी.

"गंगा, शिकव ना गं आम्हाला. दोनच आठवडे राहिलेत."

मनात आलं, म्हणावं, 'तुम्हाला तराजू आवडत नाही ना? तुम्हीच म्हणाला होता.' अगदी ओठावर आलं होतं. पण वीणाचं तोंड इतकं रडवेलं होतं की गंमत गेली. मी म्हणाले, "शिकवते. पण टेबल आत घ्यायचं. आणि मला गंगव्वा म्हणायचं."

टेबल चौघींनी उचललं. प्रमोदिनीबाई लगबगीनं दाराशी आल्या. "अगं, आत किती उकाडा होईल बिचारीला!"

"बाई, परीक्षेत तराजू आतच असणार आहे," वीणा म्हणाली आणि टेबल शेगड्यांच्या मध्ये आणून आदळलं. दोन वर्षं जी रेषा ओलांडायला मला जमलं नव्हतं, ती टेबलाबरोबर अशी सहज ओलांडली गेली. मग पुढचे दोन आठवडे मी एकवीस जणींना पारडं कसं स्थिर करायचं, काटा डोळ्यांच्या रेषेत कसा धरायचा, वीस अधिक वीस अधिक दहा कसे मांडायचे ते शिकवलं. मजा यायची! कोणी शंभराच्या जागी दहाचं वजन ठेवलं की मी कपाळाला हात लावायची, आणि सगळ्या खिदळायच्या. शिकवायला मला किती आवडतं हे मला तिथं कळलं. शेगडीवर मात्र अजूनही मला कोणी बोलावलं नाही. बाई नेमक्या त्याच वेळी माझ्या हातात काहीतरी तोलायला द्यायच्या.

परीक्षेच्या दिवशी सरकारी परीक्षक आल्या त्या अंबूबाई. बंगळूरच्या जुन्या मराठी घरातल्या, ऐसपैस देहाच्या, हातात छत्री आणि पिशवीत स्वतःचा चमचा. दारातूनच म्हणाल्या, "काय गं मुलींनो, भीती नको. मी सकाळपासून काही खाल्लं नाही. खायलाच आले."

बावीस चिठ्ठ्या, एकेक पदार्थ. माझ्या चिठ्ठीत शिरा निघाला. भाकरी निघाली असती, आमटी निघाली असती तर ठीक होतं. शिरा मी जन्मात केला नव्हता. आमच्या घरी इतकं तूप-साखर एका वेळी एका भांड्यात कधी जमलंच नव्हतं.  हाताला चव नाही, हाताला चव नाही, असं कानात सुरू झालं.

मग मी तराजूपाशी गेले. रवा दोनशे ग्रॅम, साखर दीडशे, तूप शंभर. या शिऱ्याचा रवा आणि साखर मी शेर-छटाकांत चाळीस वेळा तोलून दिली होती, तुपाचं माप आतून कानावर यायचं. आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. व्हरांड्यात बसून मला दिसत काही नसे, पण वास सगळा यायचा. कोणाचा रवा कच्चा आहे, कोणाचा आता खमंग झाला, कोणाचा पुढच्या मिनिटात करपणार, हे मी बाहेर बसून नाकानं ओळखायची आणि मनातल्या मनात ओरडायची, 'आता! आता पाणी घाल!' आज ओरडायला नको होतं. उलथनं माझ्याच हातात होतं. वास आला, आता, आणि मी आधणाचं पाणी ओतलं. फस्सकन वाफ आली. झाकण ठेवलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

अंबूबाईंनी एकेकीचं खाल्लं, वहीत आकडे मांडले. माझ्यापाशी आल्या तेव्हा प्रमोदिनीबाई पुढं झाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या, "ही मुलगी फार गुणी बरं का. तराजूत हिचा हात कोणी धरणार नाही. स्वयंपाकात बिचारीला रुची नाही, हाताला चव नाही एवढंच. सांभाळून घ्या हं."

मी भांडायला तोंड उघडलं नव्हतं. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. शेरा वाचल्यापासून हाच प्रश्न मला खात होता. मी विचारलं, "बाई, तुम्ही माझ्या हातचं कधी चाखलंत?"



"म्हणजे... अगं, तसं नाही..."

"कधी?" अंबूबाईंनी विचारलं. त्यांच्या तोंडात माझा शिरा होता. "नाही चाखलं? मग लिहिलं कसं हो शेऱ्यात? मी तीस वर्षं परीक्षा घेते, न खाता चव सांगणारी बाई बघितली नाही." आणि जुन्या बंगळूरकरांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत मला म्हणाल्या, "स्वल्प आणखी घाल गं. हां, सरी, एवढा पुरे. नको, आणखी थोडा."

प्रमोदिनीबाई वीणाकडे वळल्या. "अगं, पण हिनं स्वतःच पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना? वीणा, तू होतीस!"

वीणाचे कान लाल झाले. ती माझ्याकडे बघत होती. "नाही बाई," ती म्हणाली. "गंगव्वा कधीच तसं म्हणाली नव्हती. तुम्ही विचारलंत म्हणून मी हो म्हणून गेले. मला तेव्हाही आठवत होतं."

मागून दुसरी म्हणाली, "नव्हतीच म्हणाली." मग तिसरी. मी शेगडीला टेकून उभी राहिले. मला त्या क्षणी गुणांचं काही पडलं नव्हतं. माझी आठवण मला परत मिळाली होती, शाबूत, जशीच्या तशी.

अंबूबाईंनी पिशवीतून दुसरा चमचा काढून पुसला आणि प्रमोदिनीबाईंपुढे धरला. "घ्या. आता खरा शेरा लिहू."

बाई त्या चमच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, आपण काय करत आलो हे त्यांना स्वतःलाही तेव्हाच दिसलं असावं. त्याआधी त्यांनी कधी तिकडं पाहिलंच नव्हतं. एकवीस मुली आ वासून उभ्या. शेवटी त्यांनी चमचाभर शिरा तोंडात घातला, गिळला, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साखर किंचित कमी वाटते."

"तोलून घातलीय, बाई," मी म्हणाले. "दीडशे ग्रॅम."

आधी अंबूबाई हसल्या, मग वीणा, मग सगळ्याच. प्रमोदिनीबाई एकट्या तेवढ्या हसल्या नाहीत. पण त्यांनी चमचा खाली ठेवला नाही. दुसरा घास घेतला. तोही मी मोजला.

गलका ऐकून तानूबाई हातोडा हातात घेऊन दारात आल्या होत्या. मधल्या सुट्टीच्या सुरुवातीची घंटा देऊन झाली होती, शेवटची द्यायची होती. अंबूबाई म्हणाल्या, "या की हो, बाहेर का? चहा होतोय, शिरा आहे." तानूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कल्हईच्या ताटलीत शिरा वाढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी हातोडा कोपऱ्यात ठेवला, मांडी घालून बसल्या, आणि दोन पेले चहा प्यायल्या. पित्त झालं नाही.

त्या दिवशी सुट्टी संपल्याची घंटा झालीच नाही. सगळी शाळा पाऊण तास अंगणात लगोरी खेळत होती. शेवटी शेषगिरीराव स्वतः घंटा शोधत आमच्या दारात आले, तेव्हा अंबूबाईंनी त्यांच्याही हातात ताटली दिली. सरकारी परीक्षकापुढं नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून घंटा शिपाई वाजवू लागला. त्या परीक्षेत मी पास झाले, तानूबाई पुढच्या वर्षी कायम झाल्या, आणि मी पुढं चौतीस वर्षं मुलींना शिकवलं. त्यातल्या एकीलाही मी कसली मानकरीण केलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. आप्पा कामावरून आले. मी पीठ मळत होते. ते बूट काढायला बसले आणि त्यांनी न विचारताच मी म्हणाले, "आप्पा, मी तसं म्हणलेच नव्हते."

त्यांनी नाडी तशीच हातात धरून वर पाहिलं. "काय?"

"तराजूच बरा, असं. मी कधीच म्हणले नव्हते."

"मला ठावं व्हतं," आप्पा म्हणाले. "तुला ठावं व्हयाची वाट बघत व्हतो." मग त्यांनी बूट कोपऱ्यात सारले, हात धुऊन आले आणि ताट पुढं ओढलं. "वाढ आता. वरीसभर खारट आमटी खाल्लीया मी."

भाकरी तव्यावर टम्म फुगली. आप्पांनी ताट पुसून खाल्लं.